सवलतीतली नवी की मापाची जुनी?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या एक वाचक गेली चार वर्षं हायब्रिड सायकल चालवतात. वेताळ टेकडीवर त्या लहानपणापासून पायी जातात. आता पायवाटांवर आणि मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांवर सायकल न्यायची इच्छा आहे. मैत्रिणीची माउंटन बाइक मागून घेऊन दोनदा प्रयत्न केला. चढ जमला, पण एका दगडाळ उतारावर हात आखडले आणि दोन्ही वेळा सायकल हातात धरून चालत खाली यावं लागलं. उंची १५८ सेंमी, वजन ५८ किलो, हेल्मेटसकट बजेट ५० हजार.

समोर तीन सायकली आहेत. पहिली, दुकानातली नवी हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली): २९ इंची चाकं, एम साइज, २४ गिअर, केबलचे डिस्क ब्रेक, पुढे स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, शॉकअप असलेला भाग), ४६ हजारांची ३८ ला. एस साइज संपली आहे, पण दुकानदार म्हणतो, 'स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून देतो, फरक कळणार नाही.' दुसरी, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, फारसं नाव नसलेली नवी सायकल, २२ हजारांना. तिसरी, शाळेतल्या सहकाऱ्याच्या बायकोची पाच वर्षं जुनी हार्डटेल: एस साइज, २७.५ इंची चाकं, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक, हवेचा फोर्क, पुढे एक आणि मागे दहा गिअरच्या चकत्या. ते ३० हजार सांगतात. भाऊ म्हणतो, या वयात हे कशाला, आणि घ्यायचीच तर १४ वर्षांच्या भाच्यालाही चालेल अशी घे. त्यांचा प्रश्न: कुठली घेऊ? आणि चांगली सायकल घेतली तर उतारावरची भीती जाईल का?

*

नमस्कार ताई,

तिन्ही सायकलींचे आकडे तुम्ही छान मांडलेत, पण मी अडखळलो ते एका कंसातल्या वाक्यापाशी. मैत्रिणीच्या सायकलीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'ती माझ्याहून वीतभर उंच आहे, पण सीट खाली करून घेतली होती.' तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्या कंसात दिसतं.

दगडाळ उतारावर सायकलवर बसत नाहीत, उभं राहतात. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबर सीटच्या वर आणि किंचित मागे. कोपरांत वाक असेल तरच पुढचं चाक दगडावर चढलं की तो धक्का हातात जिरतो. सायकल मोठी असली की हँडल लांब पडतं, कोपरं सरळ होतात आणि चाकाचा प्रत्येक धक्का थेट खांद्यात येतो. त्यातच ब्रेक दाबायला बोटं पुरत नाहीत. सीट कितीही खाली केली तरी हँडल जवळ येत नाही. हात घाबरून आखडले, असं तुम्ही लिहिता. मला वाटतं हात आधी ताणले गेले आणि भीती त्यांच्यामागून आली.

माझी पहिली माउंटन बाइकही अशीच होती. दुकानात माझ्या मापाची नव्हती, मोठीवर घसघशीत सूट होती, आणि 'सवय होईल' असं मला सांगितलं गेलं. दोन वर्षं मी उतारावर मागे पडत राहिलो आणि दोष स्वतःच्या काळजाला देत राहिलो. मग एका मित्राची मापाची सायकल घेऊन त्याच वाटेने उतरलो. वाट तीच, माणूस तोच, पण पहिल्यांदाच मला पुढचं चाक कुठे टेकतंय ते दिसलं. तुमची दोन वर्षं तशी जाऊ नयेत म्हणून इतकं आग्रहाने लिहितोय.

म्हणून एम साइजची ती सायकल सोडून द्या. स्टेम आखूड केल्याने हँडल दोन-तीन सेंटिमीटर जवळ येतं हे खरं, पण दांड्याची उंची तशीच राहते, फ्रेमची लांबी तशीच राहते. पायवाटेवर अवघड जागी अचानक पाय टेकावा लागतो. तो टेकताना दांडा आणि शरीर यांच्यात चार बोटं तरी मोकळी हवीत. १५८ सेंमी उंचीला बहुतेक कंपन्यांची एस साइज येते. काही कंपन्या लहान मापात मुद्दाम २७.५ ची चाकं बसवतात, कारण २९ ची चाकं लहान फ्रेममध्ये अवघडून बसतात. २९ चं चाक दगडावरून सहज जातं, त्यात खोटं काही नाही. पण तुमच्या उंचीला मापातलं २७.५ हे मापाबाहेरच्या २९ पेक्षा कधीही बरं.

भाचा १४ वर्षांचा आहे. त्या वयात पोरं वर्षाला चार-सहा सेंटिमीटर सहज वाढतात. आज त्याला बसणारी सायकल पुढच्या वर्षी त्याला लहान होईल आणि त्याच्यासाठी मोठी घेतलीत तर ती तुम्हाला कधीच बसणार नाही. दोघांना चालेल अशी सायकल म्हणजे दोघांनाही न बसणारी सायकल. तुमची हायब्रिड त्याला द्या, त्यालाही ती आवडेल. बऱ्याच घरांत बाईच्या वस्तूत दुसऱ्या कुणाचा तरी वाटा आधीच धरलेला असतो. ही सायकल तेवढी तुमच्या मापाची आणि तुमचीच असू द्या.

आता ती २२ हजारांची, दोन्हीकडे शॉकअप असलेली. ती तुम्हाला का मोहात पाडतेय ते कळतं: भीती उताराची, म्हणून शॉकअप जास्त. पण शॉकअपमध्ये दोन कामं असतात. स्प्रिंग धक्का घेते, आणि ती परत उसळताना तिला आवरायचं काम आतल्या तेलाच्या झडपा करतात. या किमतीत मागे बहुधा नुसती स्प्रिंग मिळते. चढावर प्रत्येक पेडलला सायकल वरखाली पोहते, उतारावर खड्ड्यातून निघाली की सीट तुम्हाला उडवते. मागच्या सांध्यांतली बुशिंग (सांधा ज्यांवर फिरतो त्या कड्या) आपल्या धुळीत आणि चिखलात लवकर ढिली होतात आणि मग मागचं चाक लटपटायला लागतं. वजन सतरा-अठरा किलो सहज भरतं. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या चांगल्या सायकली जरूर असतात, पण त्यांच्या किमती तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे आहेत.

आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. माउंटन बाइकिंगची सुरुवात जिथे झाली त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली पोरं डोंगरावरून शर्यती लावत, त्या जाड टायरच्या जुनाट सायकलींवर. शॉकअप पुढेही नव्हता आणि मागेही नाही. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, पेडल उलटं फिरवून लावायचा. एका उतारात तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर हब उघडून परत भरावं लागे. त्यावरून त्या उताराचंच नाव 'रिपॅक' पडलं. त्यांना शॉकअपवाचून भागलं, ब्रेकवाचून मात्र दर वेळी अडलं. रॉकशॉक्स या कंपनीचा पहिला शॉकअपवाला फोर्क बाजारात आला तो १९८९ मध्ये. वेताळ टेकडी, पाषाणची बाजू, मुळशीचे कच्चे रस्ते, हे सगळं चांगल्या ब्रेकच्या हार्डटेलवर निर्धास्त होतं. मागचा भाग कडक असल्यामुळे चढावर पायातला जोर वाया जात नाही, आणि दगड चुकवून कुठून जायचं हे डोळ्यांना लवकर शिकावं लागतं.

२४ गिअर की १०? तुम्ही गणिताच्या बाई आहात, तर भागाकारच करू. चढावर कामाचा असतो तो सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढची सगळ्यात लहान चकती भागिले मागची सगळ्यात मोठी. २४ गिअरच्या सायकलीत हे आकडे बहुधा २४ आणि ३४ असतात: ०.७१. पुढे ३२ ची एकच चकती आणि मागे ४६ ची मोठी असेल तर ०.७०. म्हणजे चढ दोन्हीवर सारखाच. चोवीसपैकी कितीतरी गिअर एकमेकांची नक्कल असतात. एका चकतीच्या सायकलीत डाव्या हाताला गिअरचं कामच उरत नाही, चेन पुढून उतरायचा प्रश्न जवळजवळ मिटतो. सपाट डांबरी रस्त्यावर जोरात पळताना ती कमी पडते, हे मात्र मान्य करायला हवं. सहकाऱ्याकडच्या सायकलीवरचे दाते प्रत्यक्ष मोजा, चकतीवर आकडा कोरलेलाही असतो.

फोर्कच्या बाबतीत तुमचं ५८ किलो वजन महत्त्वाचं आहे आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. स्प्रिंगचा फोर्क एक ठरावीक वजन धरून बनवलेला असतो आणि हलक्या माणसाला तो बहुतेक वेळा कडक पडतो. १०० मिमीचा फोर्क घ्यायचा आणि त्यातले ४० मिमीच वापरात यायचे. वरची गोल कळ फिरवून तो मऊ होत नाही, स्प्रिंग फक्त आधी थोडी दाबून बसते. हवेच्या फोर्कमध्ये तुमच्या वजनाइतकी हवा भरता येते. त्यासाठी छोटा वेगळा पंप लागतो, तो सायकलीबरोबर मागून घ्या. हेल्मेट, पाठपिशवी, पाणी सगळं घेऊन पेडलवर उभं राहिलं की फोर्क स्वतःच्या प्रवासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका दबला पाहिजे. १०० मिमीचा असेल तर २० ते २५. नळीवर रबराची रिंग असते तिच्यावरून मोजता येतं. रिंग नसेल तर प्लॅस्टिकची पट्टी बांधायची.

ब्रेकमध्ये मात्र तडजोड करू नका. केबलचे डिस्क ब्रेक वाईट नसतात, पण धूळ-चिखल केबलमध्ये गेला की जड होतात आणि मग चार बोटांनी दाबावं लागतं. चार बोटं ब्रेकवर गेली की मूठ धरायला उरतो अंगठा. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो. त्याच्या मुठीजवळ बारीकसा स्क्रू असतो, तो फिरवून दांडी बोटांजवळ आणता येते. लहान हातांसाठी ती सोय केलेली असते आणि कित्येकींना ती आहे हेच ठाऊक नसतं. तुमच्या हायब्रिडलाही असा स्क्रू असेल, आजच बघा.

एकूण माझा कौल तिसऱ्या सायकलीला. पण डोळे झाकून नाही. रविवारी सकाळी उजेडात जा. एक ओला फडका, बारा इंची स्टीलची पट्टी आणि फोनचा टॉर्च बरोबर घ्या.

आधी सायकल पुसा. हँडलची मान जिथे दांड्यांना मिळते त्याच्या खाली, पेडलचे दांडे जिथे फ्रेमला मिळतात त्याभोवती आणि सीटची नळी जिथे आत जाते तिथे रंगावर केसासारखी रेघ दिसतेय का बघा. ओरखडा आणि तडा यांतला फरक नखाने कळतो. नख अडकलं आणि ती रेघ वेल्डिंगच्या कडेने जात असेल तर सायकल तिथेच ठेवा, पुढचं काही तपासू नका. मग फोर्कच्या चकचकीत नळ्या. त्यावर उभा ओरखडा किंवा गंजाचा ठिपका नको. नळी हळूच दाबून सोडल्यावर तेलाचा जाड ओघळ दिसला तर आतली सील गेलेली आहेत. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं मानेच्या सांध्यावर ठेवा, टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे. ते घट्ट करता येतं, पण किंमत सांगताना तुम्हाला ते माहीत असायला हवं.

आता चेन. पट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध धरा. नव्या चेनमध्ये बारा इंचाची खूण बरोबर पुढच्या एका पिनच्या मधोमध येते. ती पिन खुणेच्या पुढे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर चेन बदलायची. आठवा भाग गेली असेल तर मागच्या चकत्या, म्हणजे कॅसेट, याही गेल्या. तसं असेल तर 'चेन आणि कॅसेट बदलावी लागेल, तेवढे कमी करू या' असं सरळ म्हणा. सहकारी आहेत म्हणून संकोच वाटेल, पण पट्टीवरचा आकडा दाखवून बोललं की कुणालाच वाईट वाटत नाही.

शेवटी सायकल उलटी करून पेडलखालचा फ्रेम नंबर बघा आणि मूळ बिलाशी जुळवा. ओळखीतला व्यवहार असला तरी बिल घ्याच, पुढे कधी विकायची झाली तर लागेल. फ्रेमची गॅरंटी बऱ्याच कंपन्या पहिल्या मालकापुरतीच धरतात, ती तुम्हाला मिळणार नाही असं समजून चला.

सगळं ठीक निघालं तर २६-२७ पर्यंत ठरवायचा प्रयत्न करा. उरलेल्या पैशांतले पाचेक हजार हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांच्या पॅडसाठी. गुडघ्याचे पॅड ऐच्छिक समजू नका, भीती कमी करायला त्यांच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. मग चांगल्या मेकॅनिककडून पूर्ण ओव्हरहॉल: छर्रे-ग्रीस, ब्रेकचं तेल, चाकांचा आऊट काढणं. आणि मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या तुकड्याला लटकतो तो हँगर, एक जादा. पडल्यावर फ्रेम वाचावी म्हणून तो वाकतो. प्रत्येक मॉडेलचा आकार निराळा असतो, पाच वर्षं जुन्याचा ऐनवेळी मिळत नाही. आत्ताच शोधून पिशवीत टाका.

आणि समजा ती सायकल तडकलेली निघाली? मग दुसऱ्या दुकानांत एस साइजची नवी हार्डटेल शोधा, महिना-दीड महिना थांबावं लागलं तरी थांबा. पाहताना माप, मग हायड्रॉलिक ब्रेक, मग बाकी सगळं. एवढं विचारा, की मागच्या चाकाला फ्रीव्हील (हबवर आटे देऊन बसवलेल्या चकत्या) आहे की कॅसेट, आणि फोर्कची मान खाली रुंद होत जाते की सरळ आहे. कॅसेट आणि रुंद मान असेल तर पुढे चांगले भाग बसवता येतात. स्वस्त फ्रीव्हीलच्या चाकात ॲक्सलला गिअरच्या बाजूने आधार कमी असतो, दगडांवर तो वाकतो. मी पाहिलेत तसे वाकलेले.

टेकडीचं वेगळं सांगतो. ती वनविभागाची जागा आहे, फाटकावरच्या पाटीवर जे लिहिलंय ते पाळायचं. जिथे सायकलला मनाई आहे तिथे चालायलाच जायचं. सकाळी सहा ते नऊ तिथे आजी-आजोबा असतात, मोर असतात. तुम्ही स्वतः चाळीस वर्षं त्या वाटेवर पायी चाललाय, अचानक मागून सायकल आली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. घंटी बसवा, आणि चालणारा दिसला की थांबा. पावसानंतर माती ओली असताना जाऊ नका. चाकाच्या चरातून पाणी वाहतं आणि वाट कायमची घळ होऊन बसते. मुळशीकडची चिकण माती तर टायर आणि फोर्कच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं.

पावसाळा सरला की सराटे. बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटा दिसत नाही. एका फेरीत पाच-सहा पंक्चर मी काढलेत. टायर ट्यूबलेस होत असतील तर करून घ्या, नाहीतर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरा. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा परत टाकायचं. हवा दुकानात ४०-५० पीएसआय भरून देतील. तुमच्या वजनाला ट्यूब असताना पुढे २४ आणि मागे २६ ने सुरुवात करा. एवढ्याने टायर दगडावर उड्या मारायचा थांबेल.

भावाच्या 'या वयात' बद्दल. त्यांना तुमची काळजी आहे आणि ती अस्थानी नाही, ४३ व्या वर्षी हाड विशीइतकं लवकर जुळत नाही. तेव्हा पॅड घालायचे, एकटीने नव्या वाटेवर जायचं नाही, फोनवर कुणाला तरी सांगून निघायचं. काळजीचं उत्तर एवढंच. न जाणं हे त्याचं उत्तर नव्हे. चार वर्षं सायकल चालवणारी बाई चढ चढून गेली, हे त्यांनाही एकदा सांगा.

राहिला तो उतार. मापाची सायकल आली तरी पहिल्याच दिवशी वरून सुरुवात करू नका. सायकल वर ठेवून तो आधी पायी उतरा आणि चाक कुठून जाईल ते बघत या. मग सायकल घेऊन शेवटच्या वीस पावलांवरून सुरुवात करा. सीट चार बोटं खाली, पेडल समांतर, एकेक बोट दोन्ही ब्रेकवर, नजर चाकावर नाही तर तीन-चार सायकलींच्या लांबीइतकी पुढे. जमलं की चाळीस पावलांवरून. एका दिवसात तिथवरच. मधला मोठा दगड ज्या दिवशी येईल त्या दिवशी हात आखडतायत असं वाटलं तर थांबा, कोपरं सैल करा, आणि बघा की ब्रेकवर किती बोटं आहेत. पत्ता तुमच्याकडे आहेच, काय झालं ते कळवा.